हरकत घेतली, पुढे काय?

सिडनीच्या हंटर्स हिल भागात पाण्याच्या काठाला लागून केलीज बुश नावाची रानझाडीची जागा आहे. १९७०च्या सुमारास एका बांधकाम कंपनीला तिथे महागडी घरं बांधायची होती. शेजारच्या तेरा बायका विरोधात उभ्या राहिल्या. नगरपालिकेपासून मुख्यमंत्र्यांपर्यंत सगळ्यांचे उंबरठे झिजवून झाले, तेव्हा त्या थेट बांधकाम मजुरांच्या संघटनेकडे गेल्या. जॅक मंडे तिचे सचिव होते. संघटनेनं अट घातली: आधी जाहीर सभा घ्या, वस्तीचं म्हणणं खरंच हेच आहे का ते आम्हाला दिसू द्या. सभेला सुमारे सहाशे माणसं आली आणि मजुरांनी त्या जागेवर काम करायला नकार दिला. कंपनी संघटनेबाहेरचे मजूर आणायच्या गोष्टी करू लागली. त्यावर तिच्याच दुसऱ्या एका इमारतीवरच्या कामगारांनी कळवलं, की केलीज बुशमधल्या एका झाडाला जरी हात लागला, तरी ही इमारत कायमची अर्धवट राहील. १९७१ सालची ही पहिली ‘ग्रीन बॅन’, म्हणजे निसर्ग वाचवण्यासाठी मजुरांनी कामावर घातलेला बहिष्कार. १९८३ मध्ये सरकारनं ती जागा विकत घेऊन लोकांसाठी राखली.

ही हकिकत सांगताना सगळे मजुरांच्या एकीचं कौतुक करतात, आणि ते करायलाच हवं. पण मला त्या अटीबद्दल बोलायचं आहे. ‘लोकांचा विरोध आहे’ असं पाच-दहा जणांनी म्हणणं वेगळं आणि सभा भरवून ते दाखवणं वेगळं. आपल्या बऱ्याच रहिवासी संघांची गाडी इथेच अडते.

दुसरी अडचण उशिराची. जागेवर नोटीस लागते तेव्हा विकासकाचे वास्तुविशारद आणि वकील कित्येक महिने कामाला लागलेले असतात. जमिनीचे पैसे गुंतलेले असतात. आपल्या हातात मात्र हरकती-सूचनांसाठी दिलेले थोडे आठवडे. अशा वेळी सह्यांची मोहीम काढण्याआधी फाइल मागवा आणि वाचा. प्रकल्पाचं रंगीत चित्र बाजूला ठेवा. त्यातली झाडं वीस वर्षं वाढलेली असतात, ती लावायची मात्र अजून आहेत! सावलीचा नकाशा कोणत्या महिन्याचा आणि किती वाजताचा आहे ते बघा. उन्हाळ्यातल्या दुपारी बारा वाजता उंच इमारतीचीही सावली आखूड पडते. हिवाळ्यातल्या दुपारी चारची मागा. रहदारीची मोजणी शाळांच्या सुट्टीत तर झाली नाही ना, तेही तपासा. ‘गर्दी वाढेल हो’ या वाक्याची नोंद होते आणि विषय संपतो. मोजणीच्या तारखेवर बोट ठेवलं, की ते टाळणं अधिकाऱ्याला अवघड जातं.

सगळ्यात जपून वाचायचा तो विकासकाचा आर्थिक हिशेब. मंजुरी घेताना परवडणाऱ्या घरांचा शब्द दिला जातो आणि मागाहून ‘परवडत नाही’ म्हणून तो आकडा खाली आणला जातो. इंग्लंडमध्ये असे हिशेब बरीच वर्षं गोपनीय ठेवले जात. ते उघड व्हावेत म्हणून रहिवासी गट झगडले. २०१८ च्या राष्ट्रीय नियोजन धोरणात ते सार्वजनिक असावेत असं आलं. हा झगडा मला कुठल्याही मोर्चाइतकाच मोलाचा वाटतो.

आता थोडं कडू. बोस्टन विद्यापीठातल्या अभ्यासकांनी मॅसॅच्युसेट्समधल्या नियोजन बैठकांची इतिवृत्तं तपासली. बोलणारे बहुतेक वयानं मोठे, स्वतःचं घर असलेले आणि प्रकल्पाच्या विरोधातले निघाले. भाड्यानं राहणारा, कामाच्या पाळीवर असलेला माणूस त्या खोलीत नसतोच. आणि जो उद्या तिथे राहायला येणार, त्याला तर बोलावणंही जात नाही. बर्लिनच्या टेम्पेलहोफ या बंद झालेल्या विमानतळाच्या मोकळ्या मैदानाच्या कडेनं सुमारे ४,७०० घरं बांधायचा बेत होता. २०१४ च्या सार्वमतात लोकांनी तो मोडून काढला. मैदान वाचलं याचा मलाही आनंद आहे. पण बर्लिनमध्ये घर मिळणं त्यानंतर अवघडच होत गेलं, आणि ‘इथे नको, तर मग कुठे?’ हा प्रश्न तसाच राहिला.

म्हणून लंडनच्या कॉइन स्ट्रीटचं उदाहरण मला जवळचं वाटतं. थेम्सच्या दक्षिण काठावरच्या या वस्तीत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सुमारे ५०,००० माणसं राहत होती. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला उरली जेमतेम ४,०००. शाळा, दुकानं बंद पडत होती. विकासकाला तिथे कचेऱ्या आणि उंच हॉटेल हवं होतं. १९७७ मध्ये स्थापन झालेल्या रहिवाशांच्या कृती समितीची मागणी ‘बांधू नका’ अशी नव्हती. ‘घरं बांधा, माणसं परत येऊ द्या’ असं ते रहिवासी म्हणत होते, आणि त्यासाठी त्यांनी स्वतःचा आराखडा तयार करून मांडला. दोन सार्वजनिक चौकशा, म्हणजे दोन्ही बाजू ऐकून घेणाऱ्या जाहीर सुनावण्या, झाल्या. शेवटी दोन्ही आराखड्यांना परवानगी मिळाली, म्हणजे पेच कायमच! १९८४ मध्ये विकासकानं आपली जमीन लंडनच्या महानगर परिषदेला विकली आणि परिषदेनं तेरा एकर जागा रहिवाशांच्याच संस्थेच्या हवाली केली. १९८८ मध्ये तिथल्या पहिल्या गृहनिर्माण सहकारी संस्थेत भाडेकरू राहायला आले. आराखडा तयार नसता, तर जमीन सुटली त्या दिवशी परिषदेनं ती कुणाच्या हाती दिली असती?