स्लॅब भरायच्या आधीच पूर्ण पैसे

(दृश्य: सकाळचा घोडबंदर रोड. हिरव्या जाळीत गुंडाळलेला अर्धा टॉवर, वर क्रेन.)

अर्धवट इमारत म्हणजे काय, हे ठाणेकराला वेगळं सांगावं लागत नाही. माझ्या ताईचं कासारवडवलीचं घर असंच घेतलेलं. प्लिंथ झाला, एवढे पैसे. पहिला स्लॅब भरला, बँकेने पुढचा हप्ता सोडला. भावजी दर वेळी साइटवर जाऊन मान वर करून स्लॅब मोजायचे आणि मगच डिमांड लेटर बँकेत नेऊन द्यायचे.

त्याच घरातल्या आतल्या खोलीत माझा भाचा बसतो. अकरावीत आहे. दिवाळीत आजी-आजोबांनी हातावर ठेवलेले पैसे साठवून त्याने सोळाशे रुपयांचा एक गेम घेतला. सोळाशे एकरकमी.

(दृश्य: कॉम्प्युटरची स्क्रीन. गेममधलं गाव, उत्तरेला बंद वेस.)

गाव वसवायचा गेम. विहीर खणायची, शेत नांगरायचं, माणसं आणून वसवायची. उत्तरेला एक वेस आहे, दार बंद, वर पाटी: 'लवकरच'. "मामा, पलीकडे बंदर येणार आहे. होड्यापण," असं त्याने मला सांगितलं होतं. तीस तासांत गावातलं करण्यासारखं सगळं संपलं. पुढे आठ महिने तो दर शनिवारी गेम उघडायचा, वेशीपर्यंत चालत जायचा आणि बंद करायचा. मी शेजारी बसून ते पाहिलंय. हा व्हिडिओ मी त्यासाठीच करतोय.

या पद्धतीला अर्ली अ‍ॅक्सेस म्हणतात. गेम पूर्ण व्हायच्या आधीच विकायचा, आलेल्या पैशांवर आणि खेळणाऱ्यांच्या सूचनांवर तो पुढे बांधायचा. कॉम्प्युटरचे गेम ऑनलाइन विकणारं दुकान म्हणजे स्टीम. त्याने मार्च 2013 मध्ये यासाठी स्वतंत्र सोय सुरू केली. स्टीम स्वतःच सांगतं की काही टीम आपला गेम पूर्ण करू शकणार नाहीत, आणि आज आहे त्या अवस्थेत खेळायची इच्छा असेल तरच विकत घ्या. हे लिहिलेलं आहे, लपवलेलं नाही. पण सोळा वर्षांचा मुलगा ट्रेलर बघतो.

आता घराचा कायदा आठवा. महाराष्ट्रात 1 मे 2017 पासून महारेरा आहे. नोंदणीकृत करार होईपर्यंत बिल्डर किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेऊ शकत नाही. ग्राहकांकडून आलेल्या पैशातले सत्तर टक्के वेगळ्या खात्यात, त्याच प्रकल्पाच्या बांधकामासाठी आणि जमिनीसाठी. ताबा वेळेत दिला नाही तर व्याजासकट पैसे परत मागता येतात. घर कुठे आणि गेम कुठे, रकमेची बरोबरी नाही, मान्य. पण अर्धवट वस्तूचे पूर्ण पैसे आधी घेऊ नयेत, हा विचार दोन्हीकडे तितकाच खरा आहे.

आणि गेमच्या धंद्यात तो कधी नव्हताच, असंही नाही. माइनक्राफ्ट 2009 मध्ये कच्च्या अवस्थेत विकायला आला, तेव्हा सुमारे 10 युरोंना मिळायचा. डिसेंबर 2010 मध्ये बीटा, म्हणजे पूर्ण व्हायच्या आधीची पुढची आवृत्ती, आली, किंमत 15 च्या घरात गेली. नोव्हेंबर 2011 मध्ये गेम पूर्ण झाला, तेव्हा सुमारे 20. जसा मजला चढला तसा भाव चढला. ज्याने आधी विश्वास टाकला, त्याला स्वस्तात मिळालं. मला हे न्यायाचं वाटतं.

(दृश्य: गडकरी रंगायतन. संध्याकाळ, तिकीट खिडकीपाशी रांग.)

उलट बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर तो अन्याय होईल. नाटक पहिल्या पंचवीस प्रयोगांत बसतं, असं नाटकवाले म्हणतात. प्रेक्षक कुठे हसला, कुठे चुळबुळला, यावरून जागा घट्ट होतात. गेमचंही तसंच आहे. बेल्जियमच्या लॅरियन स्टुडिओने बाल्डर्स गेट 3 ऑक्टोबर 2020 मध्ये अर्ली अ‍ॅक्सेसला आणला, तोही पूर्ण 60 डॉलरना. हातात फक्त पहिला अंक. पूर्ण गेम यायला ऑगस्ट 2023 उजाडला. तरी त्या 60 डॉलरना मी नावं ठेवणार नाही. तो पहिला अंकच कितीतरी रात्री पुरणारा होता, आणि याच स्टुडिओने आधीचा मोठा गेम याच वाटेने 2017 मध्ये पूर्ण करून दाखवला होता. ज्या बिल्डरची मागची इमारत उभी आहे, तिथे माणसं राहतात, त्याच्याकडे आपण वेगळ्या नजरेने बघतोच ना?

पण मागची इमारत दिसली म्हणून डोळे मिटून पैसे देऊ नका. कर्बल स्पेस प्रोग्रॅम या अवकाशप्रवासाच्या गेमचा पहिला भाग लोकांनी डोक्यावर घेतला होता. दुसरा भाग फेब्रुवारी 2023 मध्ये 50 डॉलरना अर्ली अ‍ॅक्सेसला आला. दुसऱ्या ग्रहांवर वसाहती, परक्या ताऱ्यांपर्यंतचा प्रवास, मित्रांसोबत खेळणं, सगळं नकाशावर आखलेलं. नाव जुनं, पण बांधणारे हात दुसरे होते. 2024 मध्ये तो स्टुडिओच बंद झाला. वसाहती आल्या नाहीत, तारे आले नाहीत. विक्री मात्र त्यानंतरही चालू राहिली, आणि याचा मला खरंच राग येतो.

पैसे परत मिळतात, असं कोणी म्हणेल. स्टीमवर मिळतात: घेतल्यापासून चौदा दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलं असेल तर. पण अर्धवट गेमची बंद वेस दोन तासांत लागत नाही. ती लागते तिसाव्या तासाला.

(दृश्य: पुन्हा भाच्याची खोली. खिडकीबाहेर क्रेन.)

आता तो नवा गेम बघताना आधी अपडेटच्या तारखा बघतो. वर्षभर काहीच आलेलं नसेल, तर 2025 पासून स्टीमही तसं गेमच्या पानावर दाखवतं. परवा त्याने मला एक गेम दाखवला. अर्ली अ‍ॅक्सेस, बाराशे रुपये.

"आज यात जेवढं आहे, तेवढ्याचेच किती देशील?" मी विचारलं.

त्याने बराच वेळ पान वर-खाली केलं.

"पाचशे."

"मग पाचशेला येईल तेव्हा घे."

त्याने तो विशलिस्टमध्ये टाकला आणि चहा घ्यायला बाहेर आला.