पुण्याचा पगार, आर्वीचं घर

पुणं सोडून गावी येऊन काम करावं का, हे ऐकायला तुम्ही सगळे इथं बसले आहात, तर आधी आकडा सांगून टाकतो, कारण गावात माझ्या पगाराचे तीन-चार वेगवेगळे आकडे फिरून राहिले आहेत अन् त्यात "कंपनीनं काढून टाकलं" हेही एक आहे. पुण्यात होतो तेव्हा वर्षाचे 18 लाख होते. मागच्या उन्हाळ्यात आपल्या वर्धा जिल्ह्यात, आर्वीला आलो, आता घरूनच काम करतो, तीच कंपनी, तोच लॅपटॉप, तोच मॅनेजर, अन् पगार साडेबारा लाख. बाबांना सांगितलं तेव्हा ते चहाचा कप हातात तसाच धरून बसले, मग म्हणाले, "काम तेच हाय न, मंग पैसे काहून कमी?"

कंपनीकडे याचं उत्तर तयार असतं, तुमचा खर्च कमी झाला म्हणून पगार कमी. मला ते आजही पटत नाही. पुण्यात वाकडला घरमालकानं भाडं वाढवलं तेव्हा कंपनीनं काही माझा पगार वाढवला नव्हता. पण पटो न पटो, ज्याला यायचं आहे त्याला हिशोब करावा लागतोच, अन् बहुतेक पोट्टे तो चुकीचा करतात. मीही केला.

आपण टक्के पाहतो, तिथेच पहिल्यांदा फसतो. 30 टक्के कमी म्हटलं की पोटात गोळा येतो. पण आता हे पाहा, 2025-26 पासून नव्या करप्रणालीत नोकरदाराला 75,000 ची स्टँडर्ड वजावट धरून पावणेतेरा लाखापर्यंत इन्कम टॅक्स लागत नाही. 18 लाखावर सेस, म्हणजे टॅक्सवरचा टॅक्स, धरून 1,50,800 रुपये होतात, साडेबारावर शून्य. म्हणजे जे साडेपाच लाख गेले म्हणून मी रात्रभर कूस बदलत होतो त्यातले दीड लाख माझ्या हातात येतच नव्हते, खरा फरक चार लाखाचा, महिन्याला तेहतीस हजार.

मग बायकोनं एका लग्नपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर हिशोब मांडला, तो कागद अजून आमच्या फ्रिजवर आहे. भाडं 24,000, पोरीचं पाळणाघर 7,000, शनिवार-रविवारचं बाहेरचं खाणं 5,000. झाले 36,000. तेहतीस भरून निघाले अन् वर तीन हजार उरले, मी तर टाळीच दिली. ती म्हणे थांबा, मोबाईल, पेट्रोल, गाडीचा हप्ता, पोरीची शाळा, सोनं, यातलं काय आर्वीत स्वस्त मिळते ते सांगा. काहीच नाही. स्वस्त फक्त घर अन् भाजी, बाकी सगळं ज्या भावात पुण्याला त्याच भावात इथं.

अन् इथं आल्यावर नवे खर्च निघतात ते वेगळेच. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा 45 ला जातो हे तुम्हाला काय सांगू. कूलरसमोर बसून मी एक महिना कॉल घेतले, एकदा पलीकडच्या माणसानं विचारलं की तू विमानतळावर आहेस का. मग त्या खोलीत एसी लावला, लाइन जाते म्हणून इन्व्हर्टर, नेट जाते म्हणून दुसऱ्या कंपनीचं नेट. ते तीन हजार तिथंच संपले, वरून बिल आलं ते वेगळं.

पण खरी गोष्ट शेताची आहे अन् ती कोणत्याच हिशोबात लिहिलेली नसते. पुण्यात होतो तेव्हा महिन्याला पाच हजार पाठवायचो, विषय संपला. आता मी समोरच दिसतो. मोटार जळली, मी घरात. वेचणीच्या बायांना बाजाराच्या दिवशी पैसे द्यायचे, मी घरात. कोणाचं लग्न, कोणाची तेरवी, आहेर माझ्या नावानं, कारण पोरगं पुण्याहून आलं न. मी तक्रार नाही करून राहिलो, फक्त सांगतो. काही मित्र म्हणतात पगार कमी झाला तर काय झालं, शेती आहे ना. आता त्याचाही हिशोब ऐका. 2025-26 चा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव 8110 रुपये क्विंटल. वर्षाचे चार लाख कापसातून काढायचे तर 49 क्विंटल लागतात, कोरडवाहूत एकरी पाच-सहा निघाले असं धरलं तरी आठ ते दहा एकर, अन् यात बियाणं, खत, फवारणी, निंदण, वेचणी काहीच वजा केलं नाही, हमीभाव मिळाला असंही धरलं. पगाराचं भोक कापसानं बुजत नाही, उलट कापसाचं भोक पगारानं बुजवावं लागते, अन् हे या खोलीतल्या प्रत्येकाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

आता माझी चूक. एचआरच्या मॅडमचा फोन आला, तिकडे तुमचं स्वतःचं घर आहे ना म्हणाल्या, मी खुशीत हो म्हणून टाकलं. पत्र आलं तर बेसिकच, म्हणजे महिन्याचा मूळ पगारच, 75,000 वरून 52,000 केलेला. मी खालचा एकूण आकडा पाहिला अन् सही केली. बेसिक कमी झाला की पीएफ कमी होतो, माझे 12 टक्के अन् कंपनीचे 12 टक्के, म्हणजे 23,000 वर महिन्याला साडेपाच हजार जमा व्हायचे बंद. ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना मिळते ती रक्कम, नोकरीच्या दर वर्षामागे 15 दिवसांच्या बेसिकची, महिन्याचा बेसिक 26 नं भागून. ती 43,000 वरून 30,000 वर आली. घरभाडं कमी झालं ते आजचं, हे म्हातारपणाचं कापलं.

इथं मास्तर लोक बसले आहेत म्हणून सांगतो, सरकार असं नाही करत. केंद्राच्या कर्मचाऱ्याला घरभाडं भत्ता शहराच्या वर्गाप्रमाणे मिळतो, एक्स शहरात बेसिकच्या 30 टक्के, वायमध्ये 20, झेडमध्ये 10. पुणं एक्स, नागपूर-अमरावती वाय, आपण झेड. त्याचा बेसिक 75,000 असला अन् पुण्याहून इकडे बदली झाली तर भत्ता 22,500 चा 7,500 होईल, पंधरा हजाराचा फटका आहेच, पण बेसिकला कोणी हात लावत नाही, महागाई भत्त्याला नाही. मी हेच मागायला पाहिजे होतं, काय कापायचं ते भत्त्यातून कापा. पुढची कंपनीही आताचा पगार विचारते अन् त्यावर वाढ देते, तिला काय आर्वीचं भाडं माहीत.

दवाखान्याचं मला टेन्शन नाही, सेवाग्राम अन् सावंगी, दोन मेडिकल कॉलेजं आपल्याच जिल्ह्यात. पुण्याला जायचं तर ऑगस्ट 2025 पासून नागपूरच्या अजनीहून निघणारी वंदे भारत वर्ध्याला थांबते, अजनी ते पुणे बारा तास. ट्रॅव्हल्सवाल्यांना एसटीच्या दीडपट भाड्याची मर्यादा आहे म्हणतात, दिवाळीत एकदा तिकीट काढून पाहा. नोकरी गेली तर मात्र अवघड आहे, पुण्यात दुसऱ्या आठवड्यात इंटरव्ह्यू मिळते, इथून नागपूरचं मिहान, तिथं आयटी कंपन्या आहेत, ते गाठायचं अन् तिथं जागा असली तर. म्हणून सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवल्याशिवाय येऊ नका, मी चारच महिन्यांचा ठेवून आलो अन् झोप अजून कच्ची आहे.

तरी मी परत जाणार नाही. पोरगी संध्याकाळी आजोबासोबत गोठ्यात जाते, त्याचा आकडा बायकोनं पत्रिकेवर लिहिलेला नाही, अन् मीही लिहा म्हटलं नाही.

मागून एक काकाजी विचारून राहिले, त्यांचा पोरगा हिंजवडीला आहे, "मंग त्याले बोलावू का नको?"

काकाजी, पत्रावर सही करायच्या आधी त्याला बेसिक किती ते विचारा. अन् मोटार जळली तर पैसे कोण देईल, ते तुम्ही दोघं आत्ताच फोनवर बोलून घ्या.

"मोटार त दरवर्षी जळते, बाप्पा."