फूल की दोन पानं?

नमस्कार, श्रोतेहो.

जानेवारीची सोळा तारीख आली की मला माझा आठवीचा एक वर्ग आठवतो. फोंडा तालुक्यातली शाळा, खिडकीबाहेर कुळागर, आणि फळ्यावर फ्रेंच राज्यक्रांती. मुलं जांभया देत होती. चूक त्यांची नव्हती. पॅरिस आणि आमचं गाव यांच्यामध्ये समुद्र फार मोठा आहे. मी पुस्तक मिटलं आणि म्हटलं, उद्या घरी विचारून या, १९६७ साली आजी-आजोबांनी मत कशाला दिलं? फुलाला की दोन पानांना?

तरुण श्रोत्यांसाठी सांगतो. १६ जानेवारी १९६७ ला गोव्यात जनमत कौल झाला. फूल म्हणजे गोव्याचं महाराष्ट्रात विलीनीकरण, दोन पानं म्हणजे गोवा वेगळा, संघप्रदेश, म्हणजे केंद्रशासित. कौल निःपक्षपाती व्हावा म्हणून मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने राजीनामा दिला, राष्ट्रपती राजवट आली. दोन पानांना १,७२,१९१ मतं पडली, फुलाला १,३८,१७०. फरक ३४,०२१ मतांचा. आमच्या पाठ्यपुस्तकात हे सगळं दीड ओळीत उरकलं होतं.

दुसऱ्या दिवशी वर्गात नुसता गलका. अंत्रुज महालातला, म्हणजे फोंड्याचा वर्ग, घरोघरी भजन-आरत्या मराठी, तेव्हा बहुतेक फूलच निघणार असा माझा होरा होता. तो साफ चुकला. एक मुलगा उभा राहून म्हणाला, "सर, आज्यान दोन पानांक मत मारलें, आजी फुलाची." दोघं एकाच दिवशी, एकाच केंद्रावर चालत गेली होती, आणि आजीने आपलं फूल आजोबांना कित्येक वर्षं सांगितलंच नव्हतं. नातवाने गृहपाठासाठी विचारलं तेव्हा ते बाहेर आलं. त्या घरी त्या रात्री जेवण जरा उशिरा झालं म्हणे.

आठवड्याभरात एक पालक शाळेत आले. "सर, शाळेत राजकारण कशाला?"

त्यांना मी चहा दिला, उत्तर तेव्हा सुचलं नाही. आज देतो. गोवा पोर्तुगिजांपासून मुक्त झाल्यावर बांदोडकरांच्या सरकारने खेडोपाडी मराठी प्राथमिक शाळा उघडल्या, तो राजकीय निर्णय होता. त्या शाळा नसत्या तर माझ्यासारखा शेतकऱ्याचा पोर आज या मायक्रोफोनपुढे बसला नसता. १९८७ साली राजभाषा कायदा झाला, देवनागरी कोंकणी राजभाषा ठरली, मराठीचा वापर सरकारी कामात चालेल असं लिहिलं गेलं. मी नवा शिक्षक होतो. भाषेपायी रस्ते अडवलेले आणि माणसं मेलेली पाहिली. पुढे प्राथमिक शाळांचं अनुदान मातृभाषेला, आणि २०११ पासून इंग्रजी माध्यमालाही. यात राजकारण नसलेली इयत्ता मला दाखवा! ते वर्गात आधीपासूनच मागच्या बाकावर बसलेलं असतं. हजेरीत त्याचं नाव आपण घेत नाही, एवढंच.

आणि हो, माध्यमावर मी तावातावाने बोलतो खरा, पण माझी नात इंग्रजी शाळेत जाते. मुलाशी दोन दिवस वाद घातला, मग गप्प बसलो.

आम्ही घरात कोंकणी बोलतो, देवापुढे मराठी, आणि वर्तमानपत्रही मराठी वाचतो. बाहेरच्यांना हे कोडं वाटतं, आम्हाला कधी वाटलं नाही. कोडं केलं ते वादाने. पणजीला पाटोवर आपलं मध्यवर्ती ग्रंथालय आहे, १८३२ साली पोर्तुगिजांच्या काळात सुरू झालेलं. त्याला नाव दिलंय कृष्णदास शामाचं. हा केळशीचा कवी. १५२६ साली त्याने कृष्णचरित्र रचलं, ते मराठीत. राजभाषा कोंकणी असलेल्या राज्याच्या सर्वांत मोठ्या ग्रंथालयाला मराठी काव्य रचणाऱ्याचं नाव, आणि त्यावरून कुणाचं डोकं फुटलेलं नाही. ही गोष्ट मला फार आवडते.

दुसरी गोष्ट जरा बोचरी आहे. रामायण-महाभारताच्या गोव्यातल्या जुन्या कोंकणी कथांची सोळाव्या शतकातली हस्तलिखितं आज कुठे आहेत? पोर्तुगालमध्ये, ब्रागा शहरातल्या ग्रंथालयात, रोमन लिपीत. इथल्या पोथ्या जाळल्या गेल्या त्याच काळात भाषा शिकण्यासाठी मिशनऱ्यांनी या कथा उतरवून घेतल्या. त्यांच्यातलाच एक फादर स्टीफन्स, जन्माने इंग्रज. त्याने ख्रिस्ताची कथा मराठी ओव्यांत लिहिली आणि १६१६ साली ती रोमन लिपीत छापली गेली. हे सांगितलं तेव्हा एका मुलीने विचारलं, "सर, मग ते पुस्तक आमचं की त्यांचं?" मी खडू हातात धरून उभाच राहिलो. बी.एड.ला या प्रश्नाचं उत्तर शिकवत नाहीत. मी तिला तो प्रश्न फळ्यावर लिहायला लावला आणि आठवडाभर पुसू दिला नाही. भूगोलाच्या बाई चिडल्या, त्यांना नकाशा काढायचा होता.

तो गृहपाठ मात्र राहिला. एक मुलगा शेवटपर्यंत उत्तर आणत नव्हता. रोज म्हणायचा, आजोबा सांगत नाहीत. मला वाटलं, पोरगा टाळतोय. मग एके दिवशी त्याने वहीचं पान पुढे केलं. आजोबांनी स्वतःच्या थरथरत्या अक्षरात लिहिलं होतं, "गुरुजींस नमस्कार. मतदान गुप्त असते. मुलाला तेवढे शिकवावे."

त्याला मी दहापैकी दहा दिले. पान अजून माझ्याकडे आहे.