ऑन-रोड किमतीच्या पोटात

मंडळी, नमस्कार. वाचनालयानं मला विषय दिला तो 'नवी एसयूव्ही घेताना'. गाड्या विकणं हा माझा धंदा नाही. मी सत्तावीस वर्षं मोटार विम्याचा सर्व्हेअर म्हणून काम केलं. गाडी ठोकली, बुडाली, जळाली की गॅरेजमध्ये जायचं, पत्रा न् पत्रा बघायचा आणि नुकसानीचा आकडा काढायचा. त्यामुळे नवी गाडी दिसली की तिच्यातलं काय आधी फुटतं आणि काय माणसाला वाचवतं, तेच मला आधी दिसतं. आज जे सांगणार आहे ते त्या अनुभवातून.

सुरुवात एका कागदापासून करतो. गेल्या वर्षी दिवाळीनंतर माझा कऱ्हाडचा भाचा शोरूमचं कोटेशन घेऊन घरी आला. म्हणाला, "मामा, तीस हजार सोडायला तयार आहेत. घेऊन टाकू?" मी म्हटलं, आधी कागद दे आणि एक पेन्सिल दे.

कागदावर असं होतं. पेट्रोल गाडी, एक्स-शोरूम, म्हणजे जीएसटीसकट नुसत्या गाडीची किंमत, 12,40,000. आरटीओ 1,54,000. टीसीएस, म्हणजे विक्रेता आधीच घेऊन ठेवतो तो प्राप्तिकर, 12,400. विमा 71,000. वाढीव वॉरंटी 22,000. अ‍ॅक्सेसरीज किट 24,500. हँडलिंग 8,500. फास्टॅग 600. बेरीज 15,33,000. त्यातून तीस हजार वजा, म्हणजे 15,03,000.

आता बघा, 'ऑन-रोड' हा आपल्याला एकच आकडा वाटतो, पण ती आठ आकड्यांची बेरीज आहे. त्यातले काही आकडे सरकारचे, ते कुणाच्या बापाला हलत नाहीत. काही दुकानाचे, ते हलतात. आपण घासाघीस करतो ती शेवटच्या बेरजेवर, आणि तिथंच चुकतो. एका ओळीत सोडलेले पैसे दुसऱ्या ओळीतून वसूल झालेले असतात. म्हणून एकेक ओळ धरायची.

सरकारच्या ओळी आधी. महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला एकरकमी कर 10 लाखांपर्यंत 11 टक्के, 10 ते 20 लाखांना 12 आणि त्यापुढे 13. डिझेलला हेच 13, 14 आणि 15. गाडी कंपनीच्या नावावर घेतली तर थेट 20 टक्के, म्हणून छोट्या धंदेवाल्यांनी आधी आपल्या सीएला विचारावं. भाच्याचा कर 12 टक्क्यांनी 1,48,800 होतो, वर नोंदणी, स्मार्ट कार्ड, बँकेचा बोजा चढवायची फी असं किरकोळ. ती ओळ ठीक होती.

या टप्प्यांची एक गंमत लक्षात ठेवा. 9,95,000 च्या पेट्रोल गाडीला कर 1,09,450. तीच गाडी रंगाच्या किंवा व्हेरियंटच्या फरकानं 10,05,000 झाली, तर कर 1,20,600. दहा हजारांच्या फरकाला अकरा हजार दीडशे रुपये नुसता कर वाढला. शिवाय 10 लाखांच्या वर 1 टक्का टीसीएस लागतो. तो मात्र बुडत नाही, प्राप्तिकराचं विवरणपत्र भरताना वळता होतो. कितीतरी लोक तो परत मागतच नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

जीएसटीचंही असंच. 22 सप्टेंबर 2025 पासून छोट्या गाडीला 18 टक्के आणि मोठीला 40. छोटी म्हणजे लांबी चार मीटरच्या आत, आणि इंजिन पेट्रोलचं असेल तर 1200 सीसीपर्यंत, डिझेलचं 1500 पर्यंत. दोन्ही अटी एकदम बसायला हव्यात. मारुती ब्रेझा चार मीटरच्या आत होती, पण पेट्रोल इंजिन 1462 सीसीचं, त्यामुळे ती 40 मध्ये गेली. इलेक्ट्रिक गाडीला 5 टक्केच.

तो 22 सप्टेंबर म्हणजे घटस्थापना होती, आठवतं का? आधीचा पंधरवडा पितृपक्षाचा, आणि त्यात दर उतरणार हे जाहीर झालेलं. शोरूममध्ये कुणी फिरकत नव्हतं. एरवी दरवर्षी पितृपक्ष हा बोलणी करायला उत्तम काळ असतो. तुमची श्रद्धा सांभाळा, मी ती मोडायला सांगत नाही. बोलणी त्या पंधरवड्यात करा, किंमत कागदावर घ्या, गाडी दसऱ्याला आणा. डिसेंबरचा शेवटही चांगला, कारण जानेवारीत तीच गाडी मागच्या सालाची होते. पण तेच साल विकताना तुम्हालाही भोवतं. चार-पाच वर्षांत गाडी बदलणार असाल तर डिसेंबरची सूट तेवढी घसघशीत हवी. दहा-बारा वर्षं वापरणार असाल तर बिनधास्त घ्या.

आता दुकानाच्या ओळी. विमा, 71,000. हा माझा प्रांत, म्हणून जरा थांबतो. नव्या कारला थर्ड पार्टी विमा तीन वर्षांचा एकदम घ्यावा लागतो, 1 सप्टेंबर 2018 पासून. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग एक वर्षाचा चालतो. तो शोरूममधूनच घ्या अशी सक्ती करता येत नाही. भाच्याला मी विचारलं, जुन्या गाडीवर क्लेम कधी केलास? म्हणाला, सहा वर्षांत एकही नाही. म्हणजे त्याचा नो क्लेम बोनस 50 टक्के. हा बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. जुनी गाडी विकली की विमा कंपनीकडून त्याचं पत्र घ्यायचं, तीन वर्षांच्या आत नव्या गाडीला लावायचं. कोटेशनमध्ये तो धरलेलाच नव्हता. बाहेरून तोच विमा, झिरो डेप (म्हणजे क्लेममध्ये घसारा न कापणं) आणि इंजिन प्रोटेक्टसकट, 46,000 ला मिळाला.

झिरो डेप घ्याच. साध्या पॉलिसीत रबर, नायलॉन, प्लॅस्टिकच्या भागांचे निम्मे पैसे कापले जातात, फायबरचे 30 टक्के. आणि आजच्या एसयूव्हीचा पुढचा सगळा चेहरा प्लॅस्टिकच असतो. इंजिन प्रोटेक्टचं सांगतो. 26 जुलै 2005 नंतर मुंबईत, आणि 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापुरात, बुडालेल्या गाड्यांच्या रांगा लागल्या होत्या. नुसती बुडालेली गाडी दुरुस्त होते. पण पाणी उतरल्यावर, किंवा पाण्यातच, मालकानं सेल्फ मारलेला असतो. सिलिंडरमध्ये पाणी, ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, इंजिन गेलं. साधी पॉलिसी हे नुकसान देत नाही. इंजिनाचा ब्लॉक फोडून बाहेर आलेला रॉड हातात घेऊन मी माणसांना 'हे बसत नाही' असं सांगितलेलं आहे. ती वेळ तुमच्यावर येऊ नये म्हणून इतकं बोलतोय. पाण्यात गाडी बंद पडली तर किल्लीला हात लावू नका, ढकलून बाहेर काढा.

हँडलिंग, 8,500. गाडी यार्डातून शोरूमपर्यंत आणायचा खर्च विक्रेत्याच्या नफ्यातला असतो. मी सांगितलं, याची स्वतंत्र पावती आणि कशाबद्दल ते लेखी मागा. ओळ गेली. वाढीव वॉरंटी आम्ही ठेवली. आजच्या गाडीत पडदे, सेन्सर, टर्बो इतकं असतं की पाचव्या वर्षी एक भाग गेला तरी ती वसूल होते.

शोरूमनं मग अट घातली की विमा बाहेरून घेतला तर सूट 22,000 च. आम्ही म्हटलं, चालेल.

कर्जाबद्दल एकच. 'फक्त 5 टक्के फ्लॅट', म्हणजे शेवटपर्यंत मूळ रकमेवरच व्याज, असं कुणी म्हटलं की भुलू नका. 10 लाख, पाच वर्षं, 5 टक्के फ्लॅट म्हणजे व्याज अडीच लाख. बँकेचं घटत्या शिल्लकीवरचं 9 टक्क्यांचं कर्ज घेतलं तर व्याज 2,45,500 च्या आसपास, म्हणजे ते स्वस्त पडतं. आणि हप्ता हलका व्हावा म्हणून पाचाची सात वर्षं केलीत, तर त्याच 9 टक्क्यांनी व्याज साडेतीन लाखांवर जातं.

आता व्हेरियंट कुठला. माझं म्हणणं सरळ आहे. जे पत्र्याच्या आत असतं ते आज घ्या, जे बोल्टनं बसतं ते नंतर घेता येतं. एअरबॅग, घसरती गाडी सावरणारं ईएससी, मागच्या मधल्या सीटलाही तीन टोकांचा बेल्ट, लेकरांच्या सीटसाठी आयसोफिक्स, इंजिन, गिअरबॉक्स. यातलं काहीही नंतर बसवता येत नाही. टचस्क्रीन, सीट कव्हर, कॅमेरा कधीही बसतो. फक्त बाहेरच्या माणसाकडून वायर कापून घेऊ नका, वॉरंटी जाते. भारत एनकॅप ही गाड्या आपटून बघायची चाचणी ऑक्टोबर 2023 पासून सुरू झाली, तिचे स्टार बघा. पण ते कुठल्या व्हेरियंटला मिळाले तेही बघा.

आणि बेल्ट. 4 सप्टेंबर 2022 ला पालघरजवळ सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले. गाडी महागडी एसयूव्ही होती. ते मागे बसले होते, बेल्ट लावलेला नव्हता. मी स्पॉट सर्व्हेला गेलेल्या गाड्यांत पुढची काच शाबूत आणि पुढच्या सीटची पाठ मागून वाकलेली, असं दृश्य पुष्कळदा पाहिलंय. ती सीट मागच्या माणसानं वाकवलेली असते. गाडी कितीही लाखांची असो, मागे बेल्ट लावल्याशिवाय किल्ली फिरवू नका, एवढं माझं ऐका.

वरच्या व्हेरियंटमध्ये 18 इंची अलॉय चाकं येतात. फोटोत छान दिसतात. पण टायरची बाजू बुटकी होते, आणि आपल्या रस्त्यावरच्या खड्ड्याच्या कडेला तोच भाग चेपतो. बाजूला लिंबाएवढा फुगवटा आला की टायर गेला. साध्या पॉलिसीत नुसत्या टायरचे पैसे मिळत नाहीत, गाडीचंही सोबत नुकसान झालं तर निम्मे मिळतात. मला विचाराल तर एक माप कमी चाकाचं व्हेरियंट घ्या. सनरूफ घेणार असाल तर कोकणातल्या लोकांनी पावसाआधी त्याच्या चार कोपऱ्यांतल्या नळ्या साफ करून घ्याव्यात. पानं अडकली की पाणी छतातून खाली, थेट वायरिंगवर. एडीएएसचा, म्हणजे चालकाला सावध करणाऱ्या आणि मदत करणाऱ्या यंत्रणेचा, कॅमेरा पुढच्या काचेला असतो. काच बदलली की तो पुन्हा जुळवावा लागतो, तो खर्च विम्यात धरलाय का हे विचारून ठेवा. डिझेल कुणी घ्यावं? ज्याचा रोज लांबचा रस्ता आहे त्यानं. घर ते बँक चार किलोमीटर एवढंच चालवणार असाल तर सायलेन्सरच्या वाटेवरचा डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, तापत नाही, काजळी साचते आणि दिवा लागतो.

शेवटी गाडी बघायची. नोंदणी व्हायच्या आधी, यार्डात, दिवसाउजेडी. एकदा तुमच्या नावानं कर भरला की ती गाडी तुमची. दसऱ्याच्या गर्दीत शोरूममध्ये हार घातलेल्या गाडीची तपासणी होत नाही, दोन दिवस आधी जा. टायरवर चार आकडे असतात. 3225 असेल तर 2025 सालचा बत्तिसावा आठवडा. पाचही टायरचे आकडे जवळपास हवेत. फॉर्म 21 वर, म्हणजे विक्रीच्या दाखल्यावर, उत्पादनाचा महिना आणि साल असतं, चासी नंबर असतो, तो बॉनेटखालच्या नंबराशी अक्षर न् अक्षर जुळवा. मग बॉनेट उघडं असतानाच पुढच्या मडगार्डचे बोल्ट बघा. कारखान्यात बोल्ट बसवून मग रंग दिलेला असेल तर डोकं अखंड रंगलेलं असतं. त्याच्या कडांचा रंग उडालेला दिसला, की तिथं पाना लागलाय. पाना का लागला, हे विचारायचं. उत्तर लेखी मिळेपर्यंत सही करायची नाही.

भाच्यानं हे सगळं केलं. विम्यात 25,000 वाचले, हँडलिंगचे 8,500, किटमध्ये 13,000, वर शोरूमची सूट 22,000. तीस हजारांच्या जागी साडेअडुसष्ट हजार.

किटमध्ये 13,000 च का, ते सांगायचं राहिलं. किट पूर्ण काढणार होतो. पण टेस्ट ड्राइव्हला आम्ही माझ्या बहिणीला नेलं होतं. तिचे गुडघे दुखतात. गाडी उंच, तिनं दाराला धरलं, एक पाय वर टाकला आणि तशीच थांबली. काही बोलली नाही. भाच्यानं ते पाहिलं. मग मॅट आणि मडफ्लॅपसोबत दोन्ही बाजूंना कंपनीची पायरी बसवून घेतली, तिघांचे मिळून 11,500. परवा ती कऱ्हाडहून माझ्याकडे आली, तेव्हा कुणाचा हात न धरता उतरली.