गाठ अंडाशयाचीच कशावरून?

श्रोतेहो, नमस्कार. नागपूरच्या धंतोलीतल्या एखाद्या सोनोग्राफी सेंटरमधून पन्नाशीची बाई रिपोर्ट घेऊन बाहेर पडते. 'उजव्या ओव्हरीच्या जागी गाठ', एवढंच तिला कळलेलं असतं. ती घरी पोहोचते न पोहोचते तोच नातेवाइकांनी कॅन्सर ठरवूनही टाकलेला असतो.

ओटीपोटातल्या गाठी बहुतांशी अंडाशयाच्या किंवा गर्भाशयाच्याच असतात, हे खरं. पण या अवयवांच्या मागे, माकडहाडाच्या वरच्या हाडातून पायाकडे जाणाऱ्या जाड नसा आहेत. नसेवर श्वान पेशींचं वेष्टन असतं. थिओडोर श्वान या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावावरून त्या ओळखल्या जातात, आणि त्यांच्यापासून होणारी गाठ म्हणजे श्वानोमा. ती बहुधा डोकं, मान, हातपाय इथे होते. ओटीपोटात फारच क्वचित. जवळजवळ नेहमी साधी, म्हणजे कॅन्सरची नसलेली, आणि वर्षानुवर्षं हळूहळू वाढणारी.

फसगत का होते? मोठ्या श्वानोमात पाणी साठतं, मग ती हुबेहूब अंडाशयाच्या गाठीसारखी दिसते. पाळी गेल्यावर अंडाशयं आक्रसतात, सोनोग्राफीत अनेकदा सापडत नाहीत. अंडाशयाच्या कॅन्सरच्या शंकेने करतात त्या सीए-१२५ या रक्ततपासणीवरही फार विसंबू नका. पोटाच्या टीबीत, फायब्रॉइड या गर्भाशयाच्या साध्या गाठीतही ती वाढते.

मला जास्त खटकतं ते वेगळंच. पोट दुखतं म्हणून बाई स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जाते, आणि पायात मुंग्या येतात म्हणून हाडांच्या डॉक्टरांकडे. दोन्ही फायली कपाटात शेजारी शेजारी पडून राहतात, एकत्र कुणी वाचत नाही! पायात सणक, बधिरपणा, लघवीची तक्रार असेल तर ती पोटाच्या डॉक्टरांनाही सांगा.

मेडिकल किंवा मेयो हे सरकारी रुग्णालय असो की खासगी दवाखाना, एक विचाराच: दोन्ही अंडाशयं गाठीपासून वेगळी दिसली का? शंका असेल तर एमआरआय. गाठ पोटाच्या पडद्यामागे आहे, मोठ्या रक्तवाहिन्या पुढे ढकलल्या आहेत, हे त्यात दिसू शकतं. हे आधी कळलं तर ऑपरेशनला नसांचे सर्जनही सोबत असतात. तिथल्या शिरांमधून रक्तस्राव आवरणं अवघड, आणि नस दुखावली तर पाऊल लुळं पडू शकतं, लघवीवरचा ताबा जाऊ शकतो. म्हणून शक्य तिथे वेष्टन उघडून आतली गाठ तेवढी सोलून काढतात.

लहान, त्रास न देणाऱ्या श्वानोमावर कधी कधी नुसती नजर ठेवतात. मात्र निदान पक्कं झाल्यावरच. तोवर अंडाशयाच्या कॅन्सरची तपासणी लांबवायची नाही.