लाथ दाखवून विकलेली धुलाई

उंच टोपी, पट्ट्यापट्ट्यांची विजार. हा अंकल सॅम, म्हणजे माणसाच्या रूपातली अमेरिका. १८८६ सालच्या या रंगीत जाहिरातीत त्याच्याकडे एक फर्मान आहे, 'मॅजिक वॉशर' या कपडे धुण्याच्या मालाचा डबा आहे, आणि एका चिनी माणसाला तो लाथ मारून देशाबाहेर काढतोय. मथळा: 'चिन्यांनी चालते व्हावे'. मजकूर सांगतो, थकल्याभागल्या आयांना हे वरदान आहे, खर्च कमी, कपड्यांना इजा नाही.

मालाचा उत्पादक जॉर्ज डी, गाव डिक्सन, इलिनॉय. छपाई शिकागोच्या शोबर अँड कार्क्विलची.

धुण्याच्या मालाला चिनी माणूसच का? कारण तेव्हा अमेरिकेत, विशेषतः पश्चिमेकडे, लाँड्री म्हटलं की चिनीच आठवत. हा धंदा त्यांनी हौसेने धरला नव्हता. १८५२मध्ये कॅलिफोर्नियाने परदेशी खाणकामगारांवर महिना ३ डॉलर कर लावला आणि तो मुख्यतः चिन्यांकडून वसूल झाला. इतर कामांतूनही त्यांना ढकलून बाहेर काढलं गेलं. लाँड्रीला भांडवल थोडं लागे: चूल, पाणी, घासायची फळी, इस्त्र्या.

आता जाहिरातीतल्या चिनी माणसाची वेणी बघा. ती चितारली की चित्रकाराचं काम झालं, मग त्या माणसाला स्वतःचा चेहरा असण्याची गरज नव्हती. चीनच्या मांचू राज्यकर्त्यांनी ही वेणी पुरुषांवर सक्तीने लादली होती. ती कापून मायदेशी परतणं जिवावर बेतू शकत होतं. अमेरिकन जाहिरातींनी तिची थट्टा केली.

अशी चित्रं स्वस्तात छापण्याची सोय शिळाछपाईने करून दिली. चुनखडीच्या गुळगुळीत दगडावर तेलकट खडूने उलटं चित्र काढायचं, दगड ओला करायचा, मग शाई फिरवायची. ओल्या जागी शाई बसत नाही, तेलकट रेषेवर बसते. प्रत्येक रंगाला वेगळा दगड. कागद दमट हवेत जरा फुगला की रंग रेषेबाहेर सरकतात, म्हणून कोपऱ्यातल्या खुणा जुळवून मगच दाब द्यायचा. अस्सल प्रत भिंगाखाली धरली तर हाताने दिलेले लहानमोठे ठिपके दिसतात. एकसारख्या, ओळीतल्या ठिपक्यांची जाळी दिसली, तर ती पुढच्या काळातली नक्कल समजावी.

मथळा मात्र जॉर्ज डीचा नव्हता. १८७७पासून सॅन फ्रान्सिस्कोत चिनीविरोधी कामगार नेता डेनिस कर्नीच्या सभांमध्ये हीच घोषणा घुमत होती. १८८२च्या कायद्याने चिनी मजुरांना १० वर्षं प्रवेश बंद झाला. सप्टेंबर १८८५मध्ये वायोमिंगमधल्या रॉक स्प्रिंग्जला जमावाने किमान २८ चिनी खाणकामगार मारले. ही जाहिरात त्याच्या पुढच्याच वर्षीची.

त्याच १८८६च्या १० मे रोजी सर्वोच्च न्यायालयाने यिक वो खटल्याचा निकाल दिला. सॅन फ्रान्सिस्कोत लाकडी इमारतीत लाँड्री चालवायला परवाना लागे. सुमारे २०० चिनी अर्जदारांना तो नाकारला गेला. चिनी नसलेल्या अर्जदारांत एक वगळता सगळ्यांना मिळाला. यिक वो लाँड्रीचा मालक २२ वर्षं त्याच जागेत धंदा करत होता, आगीची तपासणी पास झाला होता, तरी १० डॉलर दंड न भरल्याने तुरुंगात गेला. नियम कागदावर समान असला तरी असा भेदभावाने राबवणं घटनाबाह्य आहे, असं न्यायालयाने एकमताने ठरवलं.

प्रवेशबंदी मात्र ती १० वर्षं उलटल्यावरही राहिली. ती उठली डिसेंबर १९४३मध्ये, आणि तेव्हाही चिन्यांचा वार्षिक कोटा ठरला १०५ माणसांचा.