तळहातावरचे रोबो: मिनिबॉट कसे ओळखावेत, कसे जोखावेत

(दृश्य: पांढऱ्या कापडावर एक छोटी पिवळी गाडी. हात येतो, गाडी उलगडतो, रोबो उभा राहतो.)

ही फोक्सवॅगन बीटल आहे. पण नीट पाहा, खऱ्या बीटलची ठेवण हिला नाही. चाकं मोठी, टप फुगलेला, लांबी दाबून आखूड केलेली. या रोबोचं नाव बम्बलबी. १९८४ साली हॅस्ब्रो कंपनीने अमेरिकेत ‘ट्रान्सफॉर्मर्स’ हे रूप बदलणारे खेळण्यातले रोबो बाजारात आणले, तेव्हा तो सगळ्यात स्वस्त गटात होता. मुलांना खाऊच्या पैशातून घेता येईल असा हा गट. संग्राहक त्याला मिनिबॉट म्हणतात. बम्बलबी, क्लिफजंपर, ब्रॉन, विंडचार्जर, गिअर्स आणि हफर हे पहिल्या वर्षीचे सहा जण.

ट्रान्सफॉर्मर्सचा नायक ऑप्टिमस प्राइम, त्याच्या शेजारी ठेवला की बम्बलबी अगदीच चिमुकला दिसतो. त्यामुळे अनेकांना वाटतं की पैसे वाचवायला कंपनीने मापात काटछाट केली असणार. तसं अजिबात नाही. हे माप मुद्दाम ठरवलेलं आहे, आणि ते ठरलं जपानमध्ये.

(दृश्य: जुन्या जपानी खेळण्यांची छायाचित्रं.)

१९६४ मध्ये हॅस्ब्रोने जी. आय. जो हा सुमारे ३० सेंटिमीटर उंचीचा सैनिक काढला. जपानमध्ये त्याचा परवाना ताकारा या कंपनीकडे होता. ताकाराने तोच देह पारदर्शक प्लॅस्टिकमध्ये ओतला, आत यंत्राचे भाग दाखवले आणि १९७२ मध्ये ‘हेन्शिन सायबॉर्ग’ नावाने विकायला काढला. पुढच्याच वर्षी तेलाचं संकट आलं. प्लॅस्टिक महागलं, आणि एवढ्या मोठ्या बाहुल्या परवडेनाशा झाल्या. १९७४ मध्ये आला मायक्रोमॅन, फक्त दहा सेंटिमीटरचा.

ताकाराच्या लोकांची खरी बुद्धी इथे दिसते. त्यांनी मायक्रोमॅनला मोठ्या माणसाची छोटी प्रतिकृती ठरवलंच नाही. कथेतही तो परग्रहावरून आलेला, प्रत्यक्षात तेवढ्याच उंचीचा जीव होता. म्हणजे मुलाच्या हातात असायचा तो खराखुरा मायक्रोमॅन, त्याच्या मूळ मापाचा.

१९८३ मध्ये या मालिकेत ‘मायक्रो चेंज’ आली. घरातल्या वस्तूंच्या रूपात लपणारे रोबो, आणि तेही त्या वस्तूंच्या खऱ्या मापात. वॉल्थर पी-३८ पिस्तूल होतं, तेच पुढे ट्रान्सफॉर्मर्समधला मेगाट्रॉन झालं. कॅसेट प्लेअर होता, त्याचा साउंडवेव्ह झाला. सूक्ष्मदर्शकाचा पर्सेप्टर झाला. आता प्रश्न असा, की घरातल्या टेबलावर खऱ्या मापाची गाडी कोणती असणार? अर्थात खेळण्यातली गाडी. मागे ओढून सोडली की पळणाऱ्या ‘चोरो-क्यू’ नावाच्या बुटक्या, गुबगुबीत गाड्या ताकारा १९७८ पासून विकत होतीच. मायक्रो चेंजमधले मिनी कार रोबो, म्हणजेच पुढचे मिनिबॉट, त्याच बांध्याचे केले गेले.

म्हणजे बम्बलबी हा मुळात बीटल गाडी नाहीच. तो बीटलच्या खेळण्याचं सोंग घेऊन खेळण्यांत मिसळलेला रोबो आहे. मला ही कल्पना फार सुंदर वाटते. लहान मूल आपल्या गाड्यांच्या ढिगाकडे पाहतं, आणि त्यातली कुठली तरी एक जिवंत असू शकते!

ऑप्टिमस प्राइम मात्र दुसऱ्या घराण्यातला. ताकाराच्या ‘डायाक्लोन’ मालिकेत वाहनं खऱ्या वाहनांची लहान रूपं होती, आणि त्यांत पायाला लोहचुंबक लावलेले इवलेसे चालक बसायचे. खेळण्यांचे संशोधक हेन्री ओरेनस्टाइन यांनी या जपानी रोबोंची ताकद ओळखली आणि हॅस्ब्रोला ते घ्यायला लावलं. हॅस्ब्रोने दोन्ही घराणी एकाच नावाखाली आणली. मार्व्हल कॉमिक्सच्या बॉब बुडियान्स्की यांनी बहुतेकांना नावं दिली, स्वभाव दिले. मापांचा मेळ कधीच बसला नाही, पण त्या स्वभावांमुळे मुलांना त्याचं काही वाटलं नाही. बम्बलबी लहान, म्हणून तो कुठेही शिरणारा हेर झाला.

(दृश्य: भिंग, मऊ ब्रश, दोन सारखेच दिसणारे रोबो.)

आता जोखण्याकडे वळू. पहिली गोष्ट साचा. पोलादी साचा महाग असतो, म्हणून तो पुन्हा पुन्हा वापरला जातो. १९८६ चा हबकॅप क्लिफजंपरच्या साच्यात थोडे बदल करून निघाला, आउटबॅक ब्रॉनच्या, पाइप्स हफरच्या, स्वर्व्ह गिअर्सच्या, तर टेलगेट विंडचार्जरच्या. सुरुवातीला बम्बलबी लाल रंगातही मिळत होता आणि क्लिफजंपर पिवळ्यातही, त्यामुळे नुसत्या रंगावरून नाव ठरवू नका. चेहरा आणि गाडीचा आकार पाहा.

हेच साचे देशोदेशी फिरले. ब्राझीलमध्ये एस्त्रेला कंपनीने मिनिबॉट काढले, तिथे बम्बलबीचं नाव होतं ‘फोल्क्स’. मेक्सिको आणि अर्जेंटिनातही ते स्थानिक कंपन्यांनी बनवले, आणि काही रंग असे निघाले की अमेरिकेतल्या मुलांनी ते कधी पाहिले नव्हते. आपल्याकडे हाच प्रकार जी. आय. जोच्या बाबतीत घडला. एमआरएफ आणि हॅस्ब्रो यांच्या भागीदारीतून आलेल्या फनस्कूलने हॅस्ब्रोच्या साच्यांतून भारतात सैनिक काढले. फनस्कूलचा कारखाना गोव्यात आहे, आणि तिच्या वेगळ्या रंगांतल्या त्या सैनिकांना परदेशी संग्राहक आज आवर्जून शोधतात. वेगळा रंग दिसला की लगेच ‘नकली’ म्हणून बाजूला टाकू नये, ते यासाठी.

दुसरी गोष्ट अंगावरचा ठसा. पायाखाली किंवा पाठीवर कंपनीचं नाव आणि साल कोरलेलं असतं. ते साल साच्याच्या हक्काचं असतं. खेळणं त्याच वर्षी बनलं, असा त्याचा अर्थ नाही. पुढे साखळी लावून विकलेले कीचेन आले, हॅस्ब्रोनेही जुने मिनिबॉट पुन्हा काढले. विक्रेता ‘१९८३ चा आहे’ असं त्या ठशाच्या जोरावर सांगत असेल, तर तेवढ्यावर पैसे मोजू नका.

इथे एक खूण कामी येते. १९८५ पासून हॅस्ब्रोने उष्णतेने रंग बदलणारा छोटा चौकोनी स्टिकर लावायला सुरुवात केली, त्याला रबसाइन म्हणतात. बोटाने घासला की रोबो कथेतल्या कुठल्या पक्षाचा आहे, त्याचं चिन्ह उमटतं. नकली मालापासून वेगळं ओळखता यावं हा त्यामागचा हेतू होता. म्हणून १९८४ च्या मूळ मिनिबॉटवर तो नसतो, आणि नसणं ही त्याची एक खूण. चाळीस वर्षांत कित्येक रबसाइन निकामी झालेत, तेव्हा चिन्ह उमटलं नाही तर घाबरायचं कारण नाही. आणि हो, हल्ली नवे छापलेले स्टिकरही मिळतात. ते लावण्यात गैर काही नाही, पण विकताना सांगितलं पाहिजे.

एक पाहुणा या गटात न सांगता शिरला. क्लिफजंपरच्या पुठ्ठ्यावर, प्लॅस्टिकच्या आवरणाखाली, कधी कधी भलताच रोबो निघायचा. गाडी माझदा फॅमिलिया, चेहरा बम्बलबीच्या वळणाचा. मायक्रो चेंजमधला हा साचा ट्रान्सफॉर्मर्सच्या यादीत अधिकृतपणे कधी आलाच नव्हता. संग्राहकांनी त्याला ‘बम्पर’ किंवा ‘बम्बलजंपर’ म्हणायला सुरुवात केली. त्याला मोठी किंमत येते, आणि म्हणून त्याच्या नकलाही भरपूर आहेत. सुटा मिळाला तर मी हजार वेळा विचार करेन. पुठ्ठ्यावर जुन्या सीलसकट असेल, तरच खात्रीने काही बोलता येतं.

(दृश्य: सांध्याचा जवळून फोटो. वाकलेल्या जागी पांढरी रेघ.)

मग अवस्था. हात-पाय सैल आहेत का? सांध्यातल्या धातूच्या पिनेला गंज आहे का? प्लॅस्टिक वाकून पांढरं पडलंय का? ती पांढरी रेघ म्हणजे तडा जाण्याच्या आधीची पायरी. चकचकीत मुलामा घासला गेला की परत येत नाही. पांढरे भाग ऊन आणि उष्णतेने पिवळे पडतात. काही जण हायड्रोजन पेरॉक्साइड लावून ते उन्हात ठेवतात, रंग उजळतोही, पण बऱ्याचदा पिवळेपणा परततो. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून पुढच्या काही खेळण्यांत सोनेरी झाक असलेलं प्लॅस्टिक वापरलं गेलं. ते काळानुसार इतकं ठिसूळ होतं, की हात लावताच तुकडे पडतात, डब्यातून कधी बाहेर न काढलेल्या नगाचेसुद्धा. त्या काळचं सोनेरी प्लॅस्टिक दिसलं, तर रूपांतर करून पाहायचा मोह आवरा.

खेळणी तपासून शंभरपैकी गुण देणाऱ्या संस्था आहेत. त्या खेळणं पारदर्शक ॲक्रिलिकच्या पेटीत कायमचं बंद करून परत देतात. न उघडलेल्या दुर्मीळ पुठ्ठ्यासाठी ते योग्य आहे. पण सुट्या बम्बलबीला असं कोंडणं मला पटत नाही. या वस्तूची सगळी कारागिरी रूप बदलण्यात आहे, आणि ती हातातच कळते.

विकत घेताना फोटो मागवा. गाडीच्या रूपात आणि रोबोच्या रूपात, दोन्ही बाजूंनी. तळाचा, ठशाचा, प्रत्येक सांध्याचा. स्टिकर मूळचे आहेत का, कुठे गोंद लावलाय का, हे स्पष्ट विचारा आणि उत्तर लिहून घ्या. विक्रेता टाळाटाळ करत असेल तर सोडून द्या. बम्पर आयुष्यात पुन्हा दिसेल न दिसेल, पण बम्बलबी दुर्मीळ नाही. घट्ट सांध्यांचा, स्वच्छ मुलाम्याचा एखादा नग मिळेपर्यंत थांबता येतं.